मन वाचणाऱ्याचीच परीक्षा!

‘मला गुन्हेगाराचं मन वाचायला शिकायचंय,’ असं सांगणारा मुलगा किंवा मुलगी आज कुठल्याही घरात निघू शकते. गुन्हेगारीशास्त्र आणि मानसशास्त्र हे विषय टीव्हीच्या पडद्यावर फार चमकदार दिसतात. पण कॉलेजात शिकलेलं हे शास्त्र प्रत्यक्षात कुठे कामाला येतं? आणि ते अर्धवट शिकलेल्याच्या हाती पडलं तर काय होतं?

नोव्हेंबर 2017. दिल्लीला खेटून असलेल्या फरीदाबाद शहरातल्या निरीक्षणगृहात एक मुलगा आणला गेला. वय वर्षं 16. इयत्ता अकरावी. शाळा नावाजलेली. आणि आरोप? आपल्याच शाळेतल्या दुसरीतल्या, सात वर्षांच्या चिमुरड्याचा गळा चिरल्याचा!

गुडगावजवळच्या त्या शाळेत 8 सप्टेंबर 2017 च्या सकाळी तो लहानगा स्वच्छतागृहाजवळ रक्ताच्या थारोळ्यात सापडला होता. मुलाला डबा भरून द्यायचा, दप्तर पाठीला अडकवून शाळेच्या दारात सोडायचं आणि घरी परततो न परततो तोच शाळेतून फोन यावा... देशभरातले आईबाप त्या दिवसांत हादरून गेले होते.

या मुलांची खरी नावं छापू नयेत, असा हुकूम न्यायालयाने नंतर काढला. गेलेल्या मुलाला ‘प्रिन्स’ म्हणायचं आणि आरोपी मुलाला ‘भोलू’. नाव भोलू आणि आरोप खुनाचा! पण कायद्यापुढे नेमका तोच पेच उभा होता. हा मुलगा अजून मूलच आहे, की त्याचं मन मोठ्या माणसाचं झालंय? त्याला बालगुन्हेगार म्हणून वागवायचं, की प्रौढ समजून खटला चालवायचा?

हे ठरवायचं तरी कुणी? पोलिसांनी? टीव्हीवर तावातावाने बोलणाऱ्यांनी? की मन या गोष्टीचा रीतसर अभ्यास केलेल्या माणसाने?

हा प्रश्न पाच वर्षं खालच्या मंडळापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत फिरत राहिला. मुलाने गुन्हा केला की नाही, हे ठरवणं न्यायालयाचं काम. पण या एका प्रकरणात गुन्हेगारीशास्त्र आणि मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याने शिकावं असं जवळजवळ सगळं आलं आहे.

आधी पकडला तो कंडक्टर

भोलूच्याही आधी या प्रकरणात दुसरा एक माणूस पकडला गेला होता. शाळेच्या बसवरचा कंडक्टर. खून झाला त्याच दिवशी हरियाणा पोलिसांनी त्याला अटक केली. त्याने गुन्हा कबूल केल्याचं जाहीर झालं. कॅमेऱ्यांसमोरही तो तसंच बोलला. लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. चला, खुनी सापडला!

मुलाच्या आईवडिलांचा मात्र त्यावर विश्वास बसेना. त्यांनी केंद्रीय अन्वेषण विभागाच्या, म्हणजे सीबीआयच्या चौकशीचा आग्रह धरला. सीबीआयने तपास हाती घेतला आणि चित्रच पालटलं. कंडक्टरविरुद्ध पुरावा सापडला नाही. सीबीआयने अकरावीतल्या त्या विद्यार्थ्याला ताब्यात घेतलं. परीक्षा आणि पालकसभा पुढे ढकलली जावी म्हणून त्याने हे केलं, असा सीबीआयचा आरोप होता. नोव्हेंबर 2017 मध्ये कंडक्टरला जामीन मिळाला आणि फेब्रुवारी 2018 मध्ये न्यायालयाने त्याला आरोपातून मुक्त केलं. कोठडीत मारहाण करून आपल्याकडून कबुली घेतली, असं त्याचं म्हणणं होतं.

न केलेला खून माणूस कबूल करतो? घरात बसून आपल्याला हे पटत नाही. ‘मी असतो तर मेलो असतो, पण कबूल केलं नसतं,’ असं प्रत्येकाला वाटतं. इथेच मानसशास्त्र पुढे येतं. अमेरिकेतले सॉल कॅसिन आणि इंग्लंडमध्ये काम केलेले गिस्ली गुड्जॉन्सन या संशोधकांनी खोट्या कबुलीजबाबांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. त्यांनी दाखवलेलं चित्र अस्वस्थ करणारं आहे. झोप नाही, घरच्यांची भेट नाही, तेच तेच प्रश्न, मार किंवा माराची भीती! अशा वेळी माणसाला फक्त समोरचा क्षण संपवायचा असतो. ‘आत्ता हो म्हणू, मग कोर्टात खरं सांगू,’ असा तो विचार करतो. काही जण तर इतके गोंधळतात, की आपणच ते केलं असावं असं त्यांना खरोखरच वाटू लागतं. मुलं, मंदबुद्धी माणसं, आजारी आणि दबलेली माणसं या सापळ्यात लवकर अडकतात.

आपल्या कायद्याला हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. पोलिसांपुढे दिलेली कबुली पुरावा म्हणून चालणार नाही, असं 1872 च्या पुरावा कायद्यातच लिहिलेलं होतं. 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते कायम आहे.

फरीदाबादपासून जवळच असलेल्या नोएडाच्या निठारी गावाची आठवण इथे होतेच. 2006 च्या डिसेंबरात तिथल्या एका बंगल्यामागच्या नाल्यात मुलांच्या हाडांचे अवशेष सापडले आणि देश सुन्न झाला. बंगल्यातल्या नोकराने कबुली दिली, त्याला फाशीच्या शिक्षाही झाल्या. पण 2023 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने बहुतेक खटल्यांत त्याला निर्दोष ठरवलं आणि नोव्हेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शेवटच्या खटल्यातूनही मुक्त केलं. ज्या कबुलीवर सगळी इमारत उभी होती, ती न्यायालयांना विश्वासार्ह वाटली नाही. त्या मुलांच्या आईवडिलांच्या वाट्याला काय आलं? तपास एका कबुलीवर विसंबून राहिला, की निर्दोष माणूस अडकण्याची भीती असतेच. शिवाय खरा गुन्हेगार मोकळा राहू शकतो, ते वेगळंच!

यंत्र खरं बोलतं का?

‘मग माणसाला यंत्राला जोडा की! लाय डिटेक्टर सांगेल खरं काय ते,’ असंही लोक म्हणतात. हा मोह महाराष्ट्रालाही पडला होता. 2008 मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात तरुणीला जन्मठेप सुनावली, तेव्हा निकालपत्रात मेंदूतल्या विद्युतलहरी मोजणाऱ्या चाचणीचाही आधार घेतला होता. त्या निकालाची चर्चा थेट परदेशातल्या वर्तमानपत्रांपर्यंत पोचली. मेंदू असा पुस्तकासारखा वाचता येतो का, असा सवाल शास्त्रज्ञ करू लागले.

त्यानंतर 5 मे 2010 रोजी ‘सेल्वी’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. नार्को, लाय डिटेक्टर किंवा मेंदूची अशी चाचणी कुणावरही सक्तीने करता येणार नाही आणि संमतीने केली तरी तिचा निष्कर्ष हाच पुरावा म्हणून धरता येणार नाही. चाचणीतून मिळालेल्या माहितीवरून पुढे एखादी वस्तू वगैरे सापडली, तर ती मात्र पुराव्यात येऊ शकते. थोडक्यात, घाम, नाडी आणि श्वास मोजणारं यंत्र घाबरलेला माणूस ओळखतं. खोटारडा आणि घाबरलेला यांतला फरक त्याला सांगता येईलच असं नाही.

सोळाव्या वर्षीचं मन

आता पुन्हा भोलूकडे वळू. डिसेंबर 2012 च्या दिल्लीतल्या भीषण घटनेनंतर बालगुन्हेगारांचा कायदा कडक करा, अशी मागणी देशभर झाली. त्या प्रकरणातला एक आरोपी अल्पवयीन होता आणि तीन वर्षं सुधारगृहात काढून डिसेंबर 2015 मध्ये तो सुटला. त्याच महिन्यात संसदेने नवा बाल न्याय कायदा मंजूर केला. 16 ते 18 वयाच्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्याचा आरोप असेल, तर बाल न्याय मंडळाने त्याचं ‘प्राथमिक मूल्यमापन’ करायचं, अशी तरतूद त्यात आली.

मंडळात एक दंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात. त्यांतली किमान एक स्त्री असते. त्यांनी बघायचं काय? असा गुन्हा करण्याची मुलाची मानसिक आणि शारीरिक क्षमता होती का? परिणाम कळण्याची कुवत होती का? आणि कुठल्या परिस्थितीत हे घडल्याचा आरोप आहे? उत्तरं तीन महिन्यांत हवीत. त्यांवर ठरणार, की मुलगा बाल न्याय मंडळापुढे राहणार की मोठ्यांसारखा खटल्याला सामोरा जाणार.

वाचायला सोपं वाटतं ना? मग घरातल्याच सोळा वर्षांच्या मुलाकडे बघा. गणितात हुशार. वादात आजोबांना हरवील. हेल्मेट का घालावं, यावर निबंध लिहील. आणि संध्याकाळी मित्राच्या मोटरसायकलवर तिघं बसून विनाहेल्मेट भरधाव निघेल! कळत नाही म्हणून? नव्हे. कळतं, पण वळत नाही.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स स्टाइनबर्ग यांचं बरंचसं संशोधन या ‘कळतं पण वळत नाही’वर आहे. 2005 मध्ये त्यांनी आणि मार्गो गार्डनर यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. गाडी चालवण्याच्या खेळात मुलं एकटी असताना जेवढा धोका पत्करायची, त्याहून कितीतरी जास्त धोका ती मित्र बघत असताना पत्करायची. मोठ्या माणसांत असा फरक पडला नाही. शांतपणे बसवून विचारलं तर सोळा वर्षांचा मुलगा जवळजवळ मोठ्या माणसासारखा विचार करतो. पण राग, भीती, लाज, मित्रांचा दबाव असं काही आलं, की मनाचा ब्रेक लागत नाही. हा ब्रेक पुरता तयार व्हायला विशी उलटावी लागते.

म्हणूनच नुसता बुद्ध्यांक मोजून मुलाचं ‘मोठेपण’ कळत नाही. भोलूच्या प्रकरणात मंडळाने डिसेंबर 2017 मध्ये त्याला प्रौढ मानायचं ठरवलं. सत्र न्यायालयाने तो निर्णय उचलून धरला. ऑक्टोबर 2018 मध्ये उच्च न्यायालयाने मात्र तो रद्द करून पुन्हा मूल्यमापन करायला सांगितलं. मानसशास्त्रीय अहवालाच्या प्रती बचाव पक्षाला नीट मिळाल्या नाहीत, वापरलेली चाचणी मुळात त्याच्याहून लहान वयाच्या मुलांसाठीची होती, असे आक्षेप होते.

13 जुलै 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचा निर्णय कायम ठेवला. सरासरी बुद्धी असलेल्या मुलाला आपल्या कृतीचे परिणाम बुद्धीने ठाऊक असतील, पण तो स्वतःला आवरू शकेल का, हे त्याच्या भावनिक परिपक्वतेवर अवलंबून आहे, असं न्यायमूर्तींनी म्हटलं. उदाहरण दिलं ते बेदरकार गाडी चालवण्याचं! हे काम उरकून टाकण्याचं नाही, असंही बजावलं. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, मंडळात बालमानसशास्त्र किंवा बालमनोविकारशास्त्राची पदवी असलेला सदस्य नसेल, तर तज्ज्ञाची मदत घेणं बंधनकारक ठरवलं.

ऑक्टोबर 2022 मध्ये मंडळाने फेरविचार करून मुलावर प्रौढ म्हणूनच खटला चालवावा, असं पुन्हा ठरवलं. तोवर सोळा वर्षांचा मुलगा एकवीस ओलांडून गेला होता. सोळाव्या वर्षीचं मन मागे जाऊन कोण तपासणार? पहिल्याच वेळी काम नीट झालं असतं, तर प्रिन्सच्या आईवडिलांची आणि या मुलाच्याही घरच्यांची ही पाच वर्षं वाचली असती.

दोन वर्षांनी हाच प्रश्न पुण्यात उभा राहिला. 19 मे 2024 च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये भरधाव पोर्शे गाडीने दोघा तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. आरोप 17 वर्षांच्या मुलावर. बाल न्याय मंडळाने जामीन देताना तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला, म्हणून महाराष्ट्रभर संताप उसळला. पोलिसांनी त्याला प्रौढ मानण्याची मागणी केली, ती मंडळाने जुलै 2025 मध्ये फेटाळली. चौकाचौकात लोक भांडले. पण मंडळ म्हणजे काय, मूल्यमापन म्हणजे काय, हे त्यांतल्या कितीजणांना माहीत होतं?

नागपूरची चाचणी, धारवाडची चाचणी

चाचणी कुठली, कुणासाठी, कुठल्या भाषेतली, हा किचकट वाटणारा तपशील किती मोलाचा असतो, हे या प्रकरणाने दाखवलं. या कामात मराठी मुलखाचा वाटा मोठा आहे. मुलांसाठी आजही वापरली जाणारी ‘मलिन’ बुद्धिमापन चाचणी नागपूरच्या बालमार्गदर्शन केंद्रात काम करणाऱ्या डॉ. आर्थर मलिन यांनी 1969 मध्ये तयार केली. मूळ अमेरिकन चाचणीतले प्रश्न आपल्या मुलांना परके होते, म्हणून त्यांनी ते बदलले. ती साधारण 6 ते 15 वर्षांच्या मुलांसाठी आहे. त्याही आधी, 1930 च्या दशकात, डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी धारवाडला फ्रेंच शास्त्रज्ञ बिने यांची चाचणी मराठी आणि कानडी मुलांसाठी बसवली. ‘बिने-कामत’ हे नाव मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याला आजही पाठ असतं.

विद्यापीठात हेच शिकवतात. चाचणी कधी वापरायची आणि कधी वापरायची नाही. आकडा काय सांगतो आणि काय सांगत नाही. संख्याशास्त्र नको म्हणून कला शाखेकडे आलेली मुलं इथे हमखास डोक्याला हात लावतात! पण ते चुकवून चालत नाही. अहवालातली एक चूक म्हणजे कुणाच्या तरी आयुष्यातली काही वर्षं.

‘जन्मजात गुन्हेगार’ नावाची चूक

गुन्हेगारीशास्त्राच्या पहिल्याच वर्षी इटलीच्या लोम्ब्रोसोचं नाव येतं. कैद्यांच्या कवट्या मोजून त्याने 1876 मध्ये मांडलं, की गुन्हेगार जन्मतःच तसा असतो आणि चेहऱ्यामोहऱ्यावरून ओळखू येतो. सिद्धान्त पुढे साफ कोसळला. पण आपल्याकडे त्याच्याही आधी, 1871 मध्ये, इंग्रजांनी अख्ख्या जमातींना गुन्हेगार ठरवणारा कायदा केला होता. महाराष्ट्रात पारधी, भामटे अशा कितीतरी जमाती त्यात भरडल्या गेल्या. सोलापूरच्या तारेच्या कुंपणाआडच्या सेटलमेंटमध्ये पिढ्या जन्मल्या आणि मोठ्या झाल्या. रोज हजेरी, बाहेर पडायला परवाना! जन्माला आलेल्या बाळाच्या कपाळावरही ‘गुन्हेगार’ हा शिक्का. 31 ऑगस्ट 1952 रोजी तो कायदा रद्द झाला, पण चोरी झाली की आधी पारध्याच्या पालावर जायचं, ही सवय सहजी सुटली नाही.

मग माणूस गुन्हेगार होतो कसा? अमेरिकन समाजशास्त्रज्ञ एडविन सदरलँड म्हणाले, की गुन्हा ही शिकण्याची गोष्ट आहे आणि ती जवळच्या सोबतीत शिकली जाते. आपल्या आज्या हे केव्हापासून सांगताहेत – ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला!

आणि शिकलेलं विसरताही येतं. 1939 मध्ये औंध संस्थानात आटपाडीजवळ ‘स्वतंत्रपूर’ वसलं. पोलंडहून आलेले मॉरिस फ्रीडमन यांची कल्पना आणि औंधच्या पंतप्रतिनिधींचा पाठिंबा. गंभीर गुन्ह्यांतले कैदी तिथे भिंतीविना राहिले, शेती करू लागले. याच प्रयोगावरून ग. दि. माडगूळकरांनी कथा लिहिली आणि व्ही. शांतारामांचा ‘दो आँखें बारह हाथ’ 1957 मध्ये पडद्यावर आला. चित्रपट घराघरात ठाऊक आहे. तो खराखुरा प्रयोग सांगली जिल्ह्यातला, हे मात्र अनेकांना माहीत नसतं.

शिकायचं कुठे?

फरीदाबादसारख्या कारखान्यांच्या शहरात नोकरीनिमित्त गेलेलं मराठी कुटुंब असो की साताऱ्यातलं, मुलीने हा विषय काढला की संवाद साधारण सारखाच होतो.

“आई, मला गुन्हेगारीशास्त्र शिकायचंय.”

“अगं, पण त्यात करायचं काय? तुरुंगात जाऊन बसणार आहेस का?”

“हो, तेही असतं त्यात!”

आईची काळजी खोटी नाही आणि मुलीचं उत्तरही. म्हणून रस्ता नीट समजून घ्यावा.

बहुतेकांसाठी सोपा मार्ग म्हणजे आधी मानसशास्त्र, समाजशास्त्र, समाजकार्य किंवा कायद्याची पदवी आणि मग गुन्हेगारीशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण. फरीदाबादमध्येच मानव रचना संस्थेत मानसशास्त्र शिकता येतं. दिल्ली विद्यापीठाच्या अनेक कॉलेजांत या विषयाची पदवी आहे आणि 2022 पासून तिथला प्रवेश सीयूईटी या सामाईक परीक्षेतून होतो. दिल्लीत रोहिणीला केंद्रीय गृहमंत्रालयाने 1972 मध्ये सुरू केलेली गुन्हेगारीशास्त्राची राष्ट्रीय संस्था आहे. 2020 मध्ये ती राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठाचा भाग झाली. फरीदाबादहून मेट्रोच्या व्हायोलेट लाइनने काश्मिरी गेट आणि तिथून रेड लाइनने रोहिणी. प्रवास लांबचा, पण गाडी एकदाच बदलायची!

महाराष्ट्रातल्या मुलांसाठी मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था, म्हणजे ‘टिस’. 1936 मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेत गुन्हेगारीशास्त्र आणि न्याय हा समाजकार्याचा भाग म्हणून शिकवला जातो. संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प 1990 पासून तुरुंगात आणि पोलीस ठाण्यांत अडकलेल्यांसाठी काम करतो. त्याआधी 1984 मध्ये टिसने मुंबई पोलिसांबरोबर महिला आणि मुलांसाठी ‘विशेष कक्ष’ सुरू केला. मारहाण सोसून पोलिसात आलेल्या बाईला आधी बसायला खुर्ची, प्यायला पाणी आणि ऐकून घेणारं माणूस मिळावं, ही त्यामागची साधी कल्पना. मध्य प्रदेशातल्या सागर विद्यापीठाचा गुन्हेगारीशास्त्र विभाग 1959 चा, देशातला सर्वांत जुना. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला सरकारी न्यायवैद्यक विज्ञान संस्था आहेत, पण तिथे मुख्य भर विज्ञानावर.

दोन गोष्टी आधीच ध्यानात ठेवाव्यात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायचं तर नुसती एम.ए.ची पदवी पुरत नाही. भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम आणि नोंदणी लागते. दुसरं म्हणजे, विद्यापीठ अनुदान आयोगाने 2025 च्या जुलै-ऑगस्टच्या सत्रापासून मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन पदवी अभ्यासक्रम बंद करायला सांगितले आहेत. तेव्हा ‘घरबसल्या गुन्हेगारी मानसशास्त्रज्ञ व्हा’ अशी जाहिरात दिसली, तर पैसे भरण्याआधी मान्यता तपासा.

नोकऱ्या कुठे? बाल न्याय मंडळं, निरीक्षणगृहं, जिल्हा बाल संरक्षण कक्ष, परिवीक्षा अधिकारी, तुरुंगातले समुपदेशक, महिलांसाठीची ‘सखी’ केंद्रं, न्यायवैद्यक प्रयोगशाळा, स्वयंसेवी संस्था. सुरुवातीला पगार बेताचाच असतो आणि यातल्या अनेक जागा कंत्राटी असतात. हे मुलांना स्पष्ट सांगावं. टीव्हीवरच्यासारखं, घटनास्थळी जाऊन तासाभरात खुन्याचं वर्णन करणारं काम मिळेल या आशेवर असलेल्याचा पुरता हिरमोड होईल.

कुणी यावं, कुणी येऊ नये

ज्याला ऐकून घेता येतं, त्याने या वाटेला यावं. मनात राग असतानाही समोरच्याला ‘तू’ न म्हणता ‘तुमचं म्हणणं सांगा’ असं विचारता येतं, त्याने यावं. कंटाळवाणा अहवाल नीट, एकही शब्द पुढेमागे न करता लिहिता येतो, त्याने जरूर यावं. ज्याला माणूस बघताक्षणीच ‘हाच तो!’ असं वाटतं, त्याने मात्र चार वेळा विचार करावा. गुडगावच्या कंडक्टरकडे बघून अख्ख्या देशाला तसंच वाटलं होतं.

मुलींना या क्षेत्रात पाठवायला आईबाप कचरतात. पण अत्याचार झालेली बाई किंवा भेदरलेलं मूल मोकळेपणी बोलतं, ते बऱ्याचदा समोर बाई असली तरच. त्यामुळे मुलींची इथे खरी गरज आहे. फक्त एक पथ्य पाळायचं. दिवसभर ऐकलेलं दुःख उशाशी घेऊन झोपायचं नाही. वरिष्ठांशी, सहकाऱ्यांशी त्याबद्दल बोलणं हासुद्धा या शिक्षणाचा भाग आहे. घरच्यांनीही ‘आज कुठली केस होती गं?’ असं कुतूहलाने न विचारता ‘दमलीस का?’ एवढंच विचारावं.

फरीदाबाद हे शहरच मुळी फाळणीनंतर वायव्य सरहद्दीकडून आलेल्या निर्वासितांनी नव्याने उभं केलं. घरदार गमावलेल्या माणसांना तिथे पुन्हा उभं राहायची संधी मिळाली. त्याच शहरातल्या निरीक्षणगृहाच्या दारातून आत गेलेल्या मुलाचं पुढे काय व्हावं, हे ठरवायला आधी त्याला समजून घेणारा माणूस लागतो. तसंच त्या सात वर्षांच्या लेकराला न्याय मिळायचा, तर खरा गुन्हेगार कोण हे कबुलीच्या पलीकडे जाऊन शोधणारा माणूस लागतो.

उद्या घरातली लेक किंवा लेक म्हणाला, ‘मला हे शिकायचंय,’ तर एकदम नाही म्हणू नका. फक्त एवढंच विचारा, “ऐकून घेण्याची तयारी आहे का?” ती असेल, तर बाकीचं विद्यापीठ शिकवील.